डीएचएफएलचे शून्य आणि पाच महिन्यांचे मौन

मा. श्री. तुहिन कांत पांडे,
अध्यक्ष, सेबी, मुंबई



दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीच्या समभागावरून गुंतवणूकदार हमरीतुमरीवर येतात, तेव्हा बाजारातले जाणते त्याला जुगार म्हणून मोकळे होतात. एक गट म्हणतो, नवा मालक आला की भाव दसपट. दुसरा म्हणतो, रद्दी आहे, मिळेल त्या भावाला विका. यात लोभ असतोच. पण या भांडणाचा निकाल लावणारी माहिती अनेकदा लिहून तयार असते, फक्त भांडणाऱ्यांपैकी कोणाच्याच हाती नसते. ती कुलपात ठेवण्याची मुभा नियमांनी दिली आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

डीएचएफएल ही गृहकर्ज देणारी कंपनी घ्या. नोव्हेंबर २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले. जानेवारी २०२१मध्ये कर्जदात्यांच्या समितीने पिरामल समूहाची कंपनी ताब्यात घेण्याची सुमारे ३४,२५० कोटी रुपयांची योजना स्वीकारली. देणेकऱ्यांचे दावे होते ८७ हजार कोटींच्या घरात. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३मधील उतरंडीत समभागधारक सगळ्यात शेवटी येतो, तेव्हा त्याच्या वाट्याला काय उरणार हे समितीतल्या प्रत्येकाला दिसत होते. तरी समभागाची खरेदी-विक्री चालूच राहिली. ७ जून २०२१ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने योजना मंजूर केली आणि भाव चक्क अप्पर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या वाढीच्या कमाल मर्यादेला लागला. समभागाचे मूल्य शून्य आहे आणि नोंदणी रद्द होणार आहे, हे त्यानंतर उघड झाले. जूनच्या मध्याला व्यवहार थांबले.

त्या पाच महिन्यांत बँकांचे अधिकारी, वकील, सल्लागार आणि मूल्यांकन करणारे यांच्यासमोर योजनेचा कागद होता. खरेदी करणाऱ्याकडे मात्र अंदाज होता. आपले प्रकटीकरणाचे नियम योजनेचा तपशील मागतात तो न्यायाधिकरणाच्या मंजुरीनंतर. दुसरीकडे, अशा मंजुरीची बातमी भाव हलवणारी असते, हे अंतस्थ व्यवहारांविषयीच्या आपल्याच नियमांत आता स्पष्ट झाले आहे. एवढी महत्त्वाची माहिती महिनोन्‌महिने काही मोजक्यांपाशी राहते आणि बाजार मात्र उघडा असतो, याचे समर्थन कसे करायचे?

योजना गोपनीय असते, असे उत्तर मिळेल. बोलीची रक्कम आणि स्पर्धकांचे आकडे झाकलेले असावेत, हे मान्य. पण जुन्या समभागधारकाला काही मिळणार की नाही, हे व्यापारी गुपित कसे? शिवाय समितीचे मतदान होते तोवर बोली संपलेली असते. योजना पुढे बदलू शकते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. जेट एअरवेजची योजना २०२१मध्ये मंजूर झाली आणि नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढली. पण त्यातून निघते ते इतकेच की माहिती वेळोवेळी सुधारून द्यावी लागेल.

आशावादी गट अमेरिकेतल्या हर्ट्झचे नाव घेतो. तेही खोटे नाही. मे २०२०मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या या कंपनीच्या समभागधारकांना २०२१मध्ये रोख रक्कम आणि नव्या कंपनीत वाटा मिळाला. मात्र तिथे मतदानाआधीच योजना आणि तिचे खुलासापत्र न्यायालयात उघडपणे दाखल होते. कोणत्या वर्गाला काय मिळणार, ते कोणीही वाचू शकतो. पैज लावणाऱ्यांनी निदान फासे पाहून लावली.

व्यवहारच बंद करा, असे माझे म्हणणे नाही. ज्याला बाहेर पडायचे आहे त्याची वाट अडवणे अन्यायाचे होईल. आणि हो, दलालांच्या ॲपवर ‘अतिरिक्त देखरेख’ असा इशारा आज झळकतो. पण त्यात घाबरवणे आहे, सांगणे नाही. मागणी छोटी आहे. समितीचे मतदान झाल्यावर चोवीस तासांत ‘या योजनेत सध्याच्या समभागधारकांना इतके मिळेल’ एवढे एक वाक्य कंपनीने शेअर बाजाराला कळवावे. योजना बदलली तर तेही बदलावे. खरेदीचे बटण दाबण्याआधी ते ग्राहकाला त्याच्या भाषेत दिसावे. ज्या नोंदणीकृत कंपन्यांच्या योजना आज न्यायाधिकरणांपुढे मंजुरीसाठी पडून आहेत, त्यांच्यापासूनच सुरुवात करता येईल.