हाताचा गुण आणि परीक्षकाचे गुण

"त्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे," असे आपल्या वस्तीत सहज म्हटले जाते. हा हाताचा गुण म्हणजे नेमके काय? रुग्णाचे म्हणणे नीट ऐकून घेणे, पोटावर हात ठेवून दुखरी जागा हुडकणे, छातीला नळी लावून ठोके ओळखणे आणि जे सापडले ते त्याला कळेल अशा शब्दांत सांगणे. वैद्यकीय शिक्षणात याला क्लिनिकल कौशल्य म्हणतात. ते लेखी पेपरात मोजता येत नाही. म्हणून डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला रुग्णासमोर उभे करून परीक्षकांच्या डोळ्यांदेखत त्याची परीक्षा घेतली जाते. ही परीक्षा हवीच, याबद्दल दुमत नाही. चुकीच्या हातात पडलेला रुग्ण बहुतेक वेळा गरिबाच्याच घरचा असतो. प्रश्न वेगळा आहे. परीक्षक एका संस्कृतीत वाढलेला आणि विद्यार्थी दुसऱ्या संस्कृतीत वाढलेला असेल, तर मोजले काय जाते? विद्यार्थ्याचे कौशल्य, की त्याचे परीक्षकाशी असलेले साम्य?

लेखी उत्तरपत्रिकेवर फक्त बैठक क्रमांक असतो. तपासणाऱ्याला विद्यार्थी दिसत नाही. प्रात्यक्षिकात मात्र चेहरा दिसतो, उच्चार ऐकू येतो, आडनाव कळते. हा धोका वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञांना फार पूर्वीच उमगला होता. स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये नवी पद्धत मांडली. तिला आज सारे 'ऑस्की' म्हणून ओळखतात. एकाच परीक्षकासमोर एकच रुग्ण ही जुनी रीत सोडून विद्यार्थ्याने ओळीने अनेक ठिकाणी जायचे. प्रत्येक ठिकाणी ठरावीक वेळ, ठरावीक काम, वेगळा परीक्षक आणि आधीच लिहून ठेवलेली गुणांची यादी. अनेक ठिकाणी रुग्णाची भूमिका प्रशिक्षित नट करतात, म्हणजे सर्वांना एकसारखाच रुग्ण मिळतो. एका परीक्षकाच्या लहरीवर कोणाचे भवितव्य ठरू नये, हा त्यामागचा हेतू होता.

पण पद्धत बदलली म्हणून भेद संपतो काय? याचे उत्तर ब्रिटनने दिले आहे, आणि ते आपण नीट वाचले पाहिजे.

ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टर होण्यासाठी रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्सची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात २००७ पासून क्लिनिकल कौशल्याची चाचणी आली. दहा-दहा मिनिटांचे तेरा रुग्ण. सारे नट. प्रत्येकाला वेगळा परीक्षक. संधी चारच. चौथ्यांदा नापास झाला की प्रशिक्षणाची वर्षे पाण्यात. ॲनीझ इस्माइल आणि ख्रिस रॉबर्ट्स यांनी २०१० ते २०१२ या काळातील ५,०९५ उमेदवारांचे निकाल तपासले व २०१३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. संगणकावर घेतल्या जाणाऱ्या ज्ञानाच्या परीक्षेतील गुण जमेस धरूनही, ब्रिटनमध्येच शिकलेल्या गौरेतर डॉक्टरांची पहिल्या प्रयत्नात नापास होण्याची शक्यता, संख्याशास्त्रातील 'ऑड्स'च्या मापाने, गोऱ्या सहकाऱ्यांच्या साडेतीन पट निघाली. परदेशात शिकून आलेल्या गौरेतर डॉक्टरांच्या बाबतीत तर ती चौदा पटींहून अधिक होती. या कौशल्य चाचणीतील वांशिक पूर्वग्रह हे त्याचे एक कारण असू शकते, ती शक्यता नाकारता येत नाही, असे या अभ्यासाने नोंदवले.

परदेशातून आलेल्यांचे एक वेळ समजू. शिक्षण वेगळे, भाषा वेगळी. पण जे ब्रिटनमध्येच शिकले, ज्यांच्या तोंडी इंग्रजीच आहे, त्यांचे काय? हा प्रश्न घेऊन भारतीय वंशाच्या डॉक्टरांची 'बापिओ' ही संघटना लंडनच्या उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती मिटिंग यांनी एप्रिल २०१४ मध्ये निकाल दिला. या परीक्षेत दक्षिण आशियाई डॉक्टर मागे पडतात, हे त्यांनी मान्य केले. परंतु रुग्णाच्या सुरक्षेसाठी अशी परीक्षा आवश्यक आहे आणि ती उद्दिष्टाच्या प्रमाणात आहे, म्हणून ती बेकायदा ठरत नाही, असे म्हणून दावा फेटाळला. त्याच वेळी संघटनेने कायदेशीर नसला तरी नैतिक विजय मिळवला आहे, आणि कॉलेजने आता पावले उचलली नाहीत तर पुढच्या खटल्यात निकाल वेगळा लागू शकतो, असेही त्यांनी बजावले.

हरलेल्या खटल्याने काय साधले? तिथली नियामक संस्था, जनरल मेडिकल कौन्सिल, डॉक्टरांच्या परीक्षांचे निकाल वंशानुसार व शिक्षणाच्या देशानुसार उघड प्रसिद्ध करते. वैद्यकीय शिक्षणातील हा भेदभाव २०३१ पर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट तिने २०२१ मध्ये जाहीर केले. ती जुनी चाचणी कोविडमुळे २०२० मध्ये थांबली आणि २०२३ अखेर तिच्या जागी नव्या स्वरूपाची चाचणी सुरू झाली. फरक मिटला, असे कोणी म्हणत नाही. पण तो लपवता येत नाही, हे छोटे यश नव्हे.

आता यात संस्कृती कुठे येते, ते पाहू. ब्रिटनमधील डॉक्टरने रुग्णाला आधी विचारायचे असते, तुम्हाला काय झाले असे वाटते? भीती कशाची वाटते? मग दोन-तीन उपाय पुढे ठेवून निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात कोणी असे विचारले तर म्हातारी म्हणेल, "मला ठाऊक असतं तर तुझ्याकडं कशाला आले असते?" इथे शिकलेला डॉक्टर रोग ओळखतो, औषध सांगतो आणि रुग्णाला धीर देतो. तिथल्या परीक्षकाला तो हुकूम सोडणारा वाटतो. यात दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. रुग्णाला विचारणे हे खरे कौशल्य आहे. आपल्या माणसांना दवाखान्यात 'ए, चल पुढे' ऐकावे लागते, तेव्हा ते कौशल्य इथेही यायलाच हवे. पण नजरेला नजर किती वेळ द्यायची, आवाज कुठे खाली आणायचा, कोणत्या ठरीव शब्दांत सहानुभूती दाखवायची, हे त्या समाजाचे वळण आहे. पहिली गोष्ट शिकवून मगच मोजावी. दुसरीचे गुण मोजणे म्हणजे जन्माचे गुण मोजणे.

आपल्या देशात गोऱ्या-काळ्याचा प्रश्न नाही, पण आडनाव आहे. दिल्लीच्या एम्समधील जातीय भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने २००६ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २००७ च्या तिच्या अहवालात, माहिती देणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ८४ टक्के विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षेतील मूल्यमापन अन्यायकारक असल्याचे सांगितले होते. ब्रिटनमध्ये आकड्यांनी दाखवलेली गोष्ट इथे विद्यार्थ्यांनी तोंडाने सांगितली. आकडे काढायचे काम मात्र कोणी केले नाही.

आणि भाषेचे काय? समजा, विदर्भातील एका खेड्यातून आलेली विद्यार्थिनी वॉर्डात उभी आहे. खाटेवरची बाई म्हणते, "अंगावरून जातंय, कंबर भरून येते, जीव घाबरा होतो." तिला क्षणात कळते, कारण तिची आजी हीच भाषा बोलते. पण परीक्षकांपुढे ते इंग्रजीत मांडताना ती अडखळते आणि तिचे गुण कापले जातात. तिच्या शेजारी शहरातला विद्यार्थी आहे. 'अंगावरून जाणे' म्हणजे काय, हे त्याला सिस्टरला विचारावे लागते. मात्र त्याचे इंग्रजी घरंगळत नाही. तो पुढे जातो. रुग्णाच्या बाजूने विचार केला तर कौशल्य कोणाकडे आहे? आरक्षणाच्या डॉक्टरबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. आरक्षण प्रवेशाला आहे. एमबीबीएस उत्तीर्ण होण्याची रेषा सर्वांना एकच आहे. आम्हाला ती खाली आणायची नाही. ती सर्वांना एकाच फूटपट्टीने लावा, एवढेच मागणे आहे.

कायदा या मागणीच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये अजय हासिया खटल्यात, श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या संदर्भात, मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे ठरवले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित करणे इष्ट ठरेल असे सुचवले. तो प्रवेशाचा खटला होता, वैद्यकीय प्रात्यक्षिकाचा नव्हे. पण ज्याची नोंद उरत नाही त्या मूल्यमापनाला आव्हान देता येत नाही, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडते. २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय खटल्यात विद्यार्थ्याला माहितीच्या अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मिळाला. प्रात्यक्षिकात पाहण्यासारखे काही शिल्लकच राहत नसेल, तर हा हक्क अर्धाच आहे. आणि २०२१ मध्ये, लष्करातील महिला अधिकाऱ्यांच्या नितिशा खटल्यात, वरवर सर्वांना सारखा दिसणारा नियम एका गटाला मागे ढकलत असेल तर तोही भेदभावच, म्हणजे अप्रत्यक्ष भेदभाव, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. कोणी जाणूनबुजून पाडले, हे सिद्ध करण्याचे ओझे त्यामुळे हलके झाले आहे.

पण यासाठी आकडे लागतात. म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक आरोग्य विद्यापीठाने लेखी व प्रात्यक्षिकाचे निकाल, नावे वगळून, प्रवर्गनिहाय दरवर्षी जाहीर करावेत. परीक्षकाच्या हाती फक्त बैठक क्रमांक असावा, आडनाव व प्रवर्ग नसावा. प्रत्येक ठिकाणच्या गुणांची यादी जपून ठेवावी, परीक्षेचे चित्रीकरण करावे आणि नापास झालेल्याला कारण लेखी द्यावे. परीक्षक मंडळात अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीय अध्यापक असावेत. आणि रुग्णाची बोली समजून त्याला त्याच बोलीत उत्तर देणे, याला स्वतंत्र गुण असावेत. देशात २०१९ पासून क्षमतेवर आधारलेला वैद्यकीय अभ्यासक्रम लागू झाला आहे. त्यात संवादकौशल्य शिकवायचे ठरले आहे. संवाद शिकवणार असाल, तर तो कोणाच्या भाषेत, हेही ठरवा.

चळवळीतील विद्यार्थी संघटनांनी या कामासाठी मोर्चाची वाट पाहू नये. माहिती अधिकाराचा एक अर्ज पुरे. गेल्या पाच वर्षांत लेखीत उत्तीर्ण आणि प्रात्यक्षिकात अनुत्तीर्ण झालेले विद्यार्थी किती, प्रवर्गनिहाय सांगा. उत्तर आले तर आकडे हाती येतील. 'अशी माहिती ठेवली जात नाही' असे उत्तर आले, तर तोही पुरावाच आहे. तो घेऊन अपिलात जा आणि तिथे नाही मिळाले तर न्यायालयात. लंडनच्या डॉक्टरांनी पहिला खटला हरून जे मिळवले, ते इथे राज्यघटना हाती असताना आपण का मिळवू नये?