फॉर्म चुकला, की फॉर्मच चुकीचा?



आरटीईचे अर्ज सुरू झाले की आमच्या लकडगंज भागातल्या शाळांमध्ये एक प्रश्न हमखास कानावर येतो, "मॅडम, फॉर्म भरून देता का?" विचारणारे पालक अडाणी नसतात. कुणी लाकडाच्या टालीवर घनफुटाचा हिशेब तोंडी करतो, कुणी भाजीच्या गाडीवर यूपीआयने पैसे घेतो, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर मालाची ऑर्डर घेतो. पण सरकारी वेबसाइट उघडली की हीच माणसं मोबाईल खिशात ठेवून सायबर कॅफे शोधतात. असं का?

आपण चटकन म्हणतो, "लोकांना ऑनलाइन जमत नाही." मला हे पटत नाही. वर्गातल्या ४० मुलांपैकी ३५ मुलांनी एकच प्रश्न चुकवला, तर चांगला शिक्षक मुलांना रागवत नाही, प्रश्न पुन्हा वाचून बघतो. सरकारी वेबसाइटलाही हाच नियम लावायला हवा.

आरटीईचंच उदाहरण घेऊ. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. आपल्या राज्यात त्यासाठी ऑनलाइन अर्ज आणि सोडत असते. अर्जात घराचं ठिकाण गुगल नकाशावर फुगा सरकवून दाखवायचं, मग अंतर बघून जास्तीत जास्त १० शाळा निवडायच्या. आता बगडगंज किंवा गरोबा मैदानासारख्या दाट वस्तीत, पाच-सहा इंचाच्या स्क्रीनवर बोट जरासं सरकलं की फुगा पुढच्या गल्लीत जातो. पुढे पडताळणीत पत्ता आणि नकाशा जुळला नाही, तर सोडतीत नंबर लागूनही प्रवेश हातचा जाऊ शकतो. आईच्या बोटाची चूक आणि लेकराचं वर्ष वाया! "हेच तुमचं घर का? जवळची खूण कोणती?" असं पानाने एकदा थांबून विचारलं, तर किती घरांची ही धडधड वाचेल.

दुसरी अडचण शब्दांची. लोक म्हणतात 'डोमिसाईल'. साइटवर आणि कागदावर असतं 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र'. नाव चूक नाही, पण ज्याला दाखला हवा त्याच्या तोंडी ते नाही. उत्पन्नाचा दाखला काढायला 'आपले सरकार' पोर्टलवर आधी महसूल विभाग निवडायचा, मग महसूल सेवा, मग दाखल्याचं नाव. बापाला दाखला ठाऊक असतो, विभाग कशाला ठाऊक असेल? ही मांडणी कार्यालयातल्या टेबलांची आहे. माणूस मात्र मनात एक काम घेऊन येतो: "पोराची शिष्यवृत्ती भरायची आहे, काय काय लागेल?" याचं सरळ उत्तर एका पानावर मिळायला हवं. त्याऐवजी दाखला एकीकडे, जात पडताळणी दुसरीकडे, शिष्यवृत्ती महाडीबीटीवर. प्रत्येक ठिकाणी नवं लॉगिन आणि तीच माहिती पुन्हा.

तिसरी गोष्ट फोटोची. मोबाईलचा फोटो सहज तीन-चार एमबीचा निघतो आणि बरेच सरकारी फॉर्म मागतात ५० केबीच्या आतला. जे काम संगणक क्षणात करू शकतो, ते आपण माणसाच्या गळ्यात मारतो. मग त्याला दुकानात जाऊन पैसे मोजावेच लागतात.

एक बाजू मान्य केली पाहिजे. पोर्टल आले म्हणून तहसीलच्या चकरा कमी झाल्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्कही दिला. खोटे अर्ज रोखायला कागद मागावेच लागतात. सेतू केंद्रंही लागतीलच, कारण प्रत्येकाकडे स्मार्टफोन नाही. पण केंद्रात जाणं ही सोय असावी, सक्ती नव्हे.

हे जमण्यासारखं आहे. ब्रिटनने २०१२ साली आपल्या सरकारी सेवांसाठी एकच वेबसाइट सुरू केली. सुरुवात लोकांच्या गरजेपासून करायची, हे त्यांचं पहिलंच तत्त्व. मजकूरसुद्धा ९ वर्षांच्या मुलाला वाचता येईल इतका सोपा ठेवायचा, म्हणजे आपल्या चौथीतल्या मुलाला! आपल्याकडेही केंद्र सरकारने सरकारी वेबसाइटसाठी २००९ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण अ‍ॅसिड हल्ल्यातल्या पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींचं होतं. केवायसीसाठी डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, असं यंत्र सांगत होतं. ज्यांना ते शक्यच नाही त्यांनी काय करायचं, हा विचार आधी झाला नव्हता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कोणतंही नवं पोर्टल सुरू करण्याआधी ते लकडगंजसारख्या वस्तीत आणा. दहा पालकांच्या हातात त्यांचाच मोबाईल राहू द्या आणि शेजारी गप्प बसून बघा. जिथे सगळे अडकतात, तिथे पालक नाही, पान बदला.

आणि आपण शिक्षकांनी काय करायचं? आठवी-नववीच्या वर्गात सरकारी साइटवरची एक सूचना फळ्यावर लिहा. मुलांना ती आजीला समजेल अशा मराठीत लिहायला सांगा. मग उपयोजित लेखनाच्या तासाला संबंधित विभागाला विनंती पत्र लिहून घ्या आणि ते खरंच टपालात टाका. पत्रलेखनाचे गुण मिळतील, शिवाय सरकारला आपण प्रश्न विचारू शकतो हेही मुलांना कळेल.