लोणारी कोळशाची साक्ष

१/ जुन्या ठाणे जिल्ह्यातील जंगलतोड आणि कोळसाभट्ट्या ज्यांच्या श्रमांवर चालल्या, त्या वारली-कातकरी समाजांचा आवाज सरकारी दफ्तरांत क्वचितच उमटतो. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीगडापासून तलासरीपर्यंतचा इतिहास लिहायचा, तर कागदाबाहेरचा साक्षीदार शोधावा लागेल. लोणारी कोळसा हा असा साक्षीदार आहे.

२/ भट्टीवर पाला-माती लिंपली की हवा तुटते. लाकूड तापते, पण जळून राख होत नाही. वाफ, वायू, डांबर निघून जातात आणि मागे उरलेल्या कार्बनचे अणू षटकोनी जाळीच्या पापुद्र्यांत जुळू लागतात. हे पापुद्रे नॅनोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या मापाचे असतात.

३/ आच वाढते तसे पापुद्रे वाढतात, सुसूत्र होतात. कोळसा निवला तरी ही रचना मोडत नाही. म्हणून रामन वर्णपटावरून तो साधारण किती तापला होता, याचा अंदाज बांधता येतो.

४/ या बदलालाही सीमा आहे. रोझलिंड फ्रँकलिन यांनी १९५१ साली दाखवले की काही कार्बन अतितप्त केल्यावर ग्रॅफाइट होतात, तर काही ३००० अंश सेल्सिअसलाही होत नाहीत. लाकडी कोळसा दुसऱ्या गटातला. त्याचे पापुद्रे एकमेकांत गुंतून बसलेले असतात.

५/ २००६ साली ड्रेस्डेनच्या संशोधकांनी सतराव्या शतकातील दमास्कस तलवारीत कार्बन नॅनोनलिका आढळल्याचे जाहीर केले. त्यावरून ‘पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान ठाऊक होते’ असे म्हणणे हा इतिहास नव्हे. पदार्थात एखादी रचना सापडणे वेगळे आणि ती जाणून घडवणे वेगळे. धुराच्या रंगावरून भट्टी ओळखणाऱ्याचे कसब खरे आहे. त्याला उसन्या बिरुदाची गरज नाही.

६/ ताम्रपाषाणयुगीन इनामगावचा काळ ठरवताना कोळशाचे नमुने कामी आले. मात्र गेल्या तीनशे वर्षांसाठी कार्बन-१४ नेमके वर्ष क्वचितच देतो. तेथे कोळशातील पेशीरचना लाकडाची जात सांगते, पापुद्रे आच सांगतात.

७/ म्हणूनच किल्ले आणि ताम्रपटांइतकीच विझलेल्या भट्टीची जागाही नोंदवली गेली पाहिजे. रस्त्यासाठी वा इमारतीसाठी ती एकदा उकरली गेली, की ज्यांनी कागद मागे ठेवला नाही त्यांचा उरलासुरला पुरावाही भरावात जातो.