जंगल कुणाचं, हे आधी विचारा

आगाशीतली आपली शिकलेली पोरं आता आफ्रिकेच्या सफारीचे बेत आखतात, याचा आम्हाला आनंदच आहे. पण उद्यान निवडताना सिंह किती दिसतील एवढंच विचारू नका. तिथली माणसं कुठे गेली, हेही विचारा. सेरेंगेटीतून १९५९ साली मसाई पशुपालकांना बाहेर काढलं. क्रूगरच्या उत्तर टोकातून १९६९ साली वर्णद्वेषी सरकारने माकुलेके लोकांना हाकललं. ते लढले, १९९८ साली जमीन परत मिळवली आणि जंगलही राखलं. आम्ही म्हणतो, जायचं तर तिथे जा. आणि परतल्यावर हाच प्रश्न बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या वारली पाड्यांसाठीही विचारा. वनहक्क कायदा २००६ चा आहे. पण मागितल्याशिवाय हक्क मिळत नाही. जय भीम!