खाड्याच्या हिशेबात अडकलेला ताप

काही रोग श्रमणाऱ्यांचाच पत्ता शोधीत येतात. स्क्रब टायफस हा त्यांपैकी एक. गवतात, झुडपांत आणि उंदरांच्या वावराच्या जागी चिगर नावाच्या अतिसूक्ष्म किड्याची अळी असते. तिच्या दंशानंतर साधारण दहा दिवसांनी तीव्र ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू होते. दंशाच्या जागी पुष्कळदा काळी खपली धरते. ती काखेत वा जांघेत असली की नजरेतून सुटते. 2018 च्या पावसाळ्यात या रोगाने विदर्भात बळी घेतले, तेव्हा त्याचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले.

सातारा-सांगलीने हा विदर्भाचा प्रश्न मानून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरउतारांवर पावसाळा सरताच गवतकापणी सुरू होते. कृष्णाकाठच्या उसात उंदरांचा सुळसुळाट असतो आणि मराठवाड्यातून आलेला तोडणी कामगार शेताशेजारीच कोपी घालून मुलाबाळांसह जमिनीवर निजतो.

या रोगावर गुणकारी औषध 1948 सालीच मलायात सापडले. आज डॉक्सिसायक्लिनच्या स्वस्त गोळ्या उपलब्ध आहेत. उलट पेनिसिलिनच्या कुळातील महाग इंजेक्शने येथे निरुपयोगी ठरतात. वेळेवर उपचार झाल्यास रोगी बहुधा बरा होतो. दुसरा आठवडा उजाडला की फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदू धोक्यात येतात. जीव जातो तो मुख्यतः विलंबाने, आणि हा विलंब मजुरीच्या पद्धतीतूनच जन्मतो. मुकादमाची उचल डोक्यावर असलेल्या जोडप्यातील एकाने अंथरूण धरले की कोयता बंद पडतो, टनावरची मजुरी बुडते आणि वर खाड्याचे पैसे कापले जातात. अशा माणसाला ताप अंगावर न काढण्याचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय.

म्हणून आरोग्याची मागणी मजुरीच्या मागणीपासून वेगळी काढता येणार नाही. आजारपणाचा खाडा बंद झाला पाहिजे. ज्यांच्या घामावर गाळप चालते, त्यांच्या तळांवर हंगामभर वैद्यकीय पथक फिरविण्याचा भार साखर कारखान्यांनी उचलला पाहिजे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्यांचा साठा आणि जिल्हा पातळीवर रक्ततपासणीची सोय हवी. कार्यकर्त्यांनी तळावर जाताना मागणीपत्रकाबरोबर काळ्या खपलीची खूणही समजावून द्यावी. पाच दिवस न उतरणारा ताप दिसला, तर रोग्याला दवाखान्यात पोहोचविणे हेही संघटनेचेच काम आहे.