किल्ली कुणाकडे, बॉस?

दहा-बारा जणांचं ऑफिस असलं की कोपऱ्यात, प्रिंटरच्या मागे, एक काळा डबा हमखास सापडतो. दोन-चार हार्ड डिस्क पोटात घेऊन हिरवे दिवे लुकलुकवत बसलेला. याचं नाव नॅस, म्हणजे अख्ख्या ऑफिसचं नेटवर्कवरचं कपाट. ड्रॉइंग्ज, कोटेशन्स, पगाराची शीट, गेल्या पिकनिकचे फोटो, सगळं तिथेच. आणि या कपाटाची किल्ली? एकच लॉगिन. पासवर्ड म्हणजे कंपनीचं नाव आणि पुढे १२३. ऑफिस बॉयपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ!

‘आपलं ऑफिस म्हणजे फॅमिली आहे, आपल्यात कसलं कुलूप-बिलूप?’ हा यावरचा लाडका डायलॉग. फॅमिली मस्तच हो. पण एखाद्या सोमवारी क्लायंटचा फोल्डर गायब झाला की याच फॅमिलीत कोण कुणाकडे कसं बघतं, ते आठवा. लॉगिन एकच असेल तर नॅसच्या लॉगमध्येही एकच नाव दिसणार. म्हणजे सापडत कुणीच नाही आणि संशय मात्र सगळ्यांवर. बहुतेक वेळा तर सगळ्यात नव्या पोरावर. तेव्हा स्वतःचं वेगळं लॉगिन मागणं म्हणजे इतरांवर अविश्वास नाही, ती तुमची स्वतःची सेफ्टी आहे.

हे काम बहुतेक तुमच्याच गळ्यात पडणार. ‘तू कॉम्प्युटरवाला ना, बघ जरा’ म्हणून. तर मशीनला हात लावण्याआधी एक कोरा कागद घ्या. वरच्या ओळीत फोल्डर लिहा, डाव्या बाजूला कामं. माणसांची नावं नाही, कामं! अकाउंट्स, डिझाइन, सेल्स वगैरे. प्रत्येक चौकोनात तीनपैकी एक: वाचणं आणि लिहिणं, नुसतं वाचणं किंवा काहीच नाही. हा कागद साहेबांकडून ओके करून घ्या, म्हणजे उद्या कुणी रुसलंच तर तुमच्यावर येत नाही. मग प्रत्येक कामाचा एक ग्रुप बनवायचा, हक्क ग्रुपला द्यायचे आणि माणसं ग्रुपमध्ये टाकायची. सेल्समधली मुलगी अकाउंट्सला गेली तर इथून काढलं, तिथे टाकलं, संपलं. एकेका माणसाला थेट हक्क वाटत बसलात, तर दोन वर्षांनी कुणाला काय दिलंय ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आता खरी गोम. सिनॉलॉजीच्या नॅसवर ‘नो अ‍ॅक्सेस’ नावाचा एक चौकोन असतो. पगाराचा फोल्डर लपवायचा म्हणून लोक उत्साहाने ‘यूजर्स’ या ग्रुपसमोर तिथे टिक करतात. आणि अकाउंट्सवाल्यांसकट सगळे बाहेर! कारण ‘यूजर्स’मध्ये प्रत्येक जण आपोआप असतोच. दोन हक्कांत भांडण झालं की ‘नो अ‍ॅक्सेस’ जिंकतं, त्याखालोखाल ‘रीड-राइट’, शेवटी ‘रीड ओन्ली’. म्हणून ‘यूजर्स’समोर काहीच टिक करायचं नाही, कोरं सोडायचं. मग ज्याला दुसऱ्या ग्रुपमधून हक्क मिळालाय, तोच आत येतो. विंडोजच्या सर्व्हरवर गंमत वेगळी. तिथे शेअरचे हक्क वेगळे, आतल्या फाइल्सचे वेगळे, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतला जो कडक असेल तो लागू. एकीकडे ‘फुल कंट्रोल’ देऊनही दार उघडत नाही ते यामुळेच.

एवढं सगळं बरोबर करूनही कुणीतरी ओरडतोच, ‘पासवर्ड चालत नाहीये!’ पासवर्ड चालतो हो. त्याच्या विंडोजने जुनं कॉमन लॉगिन लक्षात ठेवलेलं असतं, आणि एकाच सर्व्हरला एका वेळी दोन नावांनी जोडायला विंडोज तयार नसतं. क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद उडवा, लॉग ऑफ होऊन परत या. आणि बिनपासवर्डच्या गेस्ट लॉगिनवर निभावत असाल तर तेही आता कठीण. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटपासून प्रो एडिशनही गेस्ट म्हणून जोडायला आपणहून नकार देतं. सेटिंग बदलून ते पुन्हा चालू करता येतं, पण कशाला?

‘रीड-राइट’मध्ये डिलीट करणंही आलं, हे लोक विसरतात. म्हणून प्रत्येक शेअर्ड फोल्डरचं रीसायकल बिन चालू ठेवा आणि ते फक्त अ‍ॅडमिनलाच उघडेल असं बघा.

साहेबांचं मात्र नाजूक प्रकरण असतं. ‘मला सगळं दिसलं पाहिजे’ म्हणून ते अ‍ॅडमिन लॉगिनच रोज वापरतात. त्यांना रॅन्समवेअरची गोष्ट सांगा. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभरातली ऑफिसं कशी ठप्प केली होती, ते त्यांना नक्की आठवत असेल. असलं काही एखाद्याच्या पीसीवर घुसलं, तर त्या माणसाला जिथे जिथे लिहिता येतं, त्या शेअर्ड फोल्डरांची वाट लागू शकते. नुसतं वाचता येतं, तिथे त्याच्या लॉगिनमधून काही बिघडवता येत नाही. आणि अनोळखी मेलमधल्या अटॅचमेंट्स सगळ्यात जास्त कोण उघडतं, हे तुम्हीही जाणता! तेव्हा साहेबांना रोजच्या कामासाठी साधं लॉगिन, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड पाकिटात बंद. ‘अ‍ॅडमिन’ नावाचं मूळ खातं तर बंदच करून टाका. चोर पहिल्यांदा तेच नाव ट्राय करतो.

इंटर्न आला की लॉगिन बनवतानाच ते बंद व्हायची तारीख टाका, सिनॉलॉजीत ती सोय आहे. नोकरी सोडणाऱ्याचं खातं शेवटच्या दिवशी, केक कापून झाला की डिसेबल. लगेच डिलीट नको. त्याच्या होम फोल्डरमध्ये काय काय पडलंय ते आधी बघा. प्रोजेक्टची ‘फायनल-फायनल-२’ तिथेच निघते.