सीमेवरच्या सासुरवाशिणीचे गाऱ्हाणे

कोगनोळीचा नाका कोल्हापूरकरांच्या चांगला परिचयाचा आहे. कागल मागे टाकून बेळगावच्या वाटेला लागले की तो येतो, आणि तेथून कर्नाटकाचा अंमल सुरू होतो. २०२२ च्या डिसेंबरात बेळगावच्या मेळाव्यास निघालेल्या पुढाऱ्यांना तेथे अडविण्यात आले, तेव्हा त्याची बातमी झाली. परंतु याच सीमेवर आणखी एक गाऱ्हाणे अडते, त्याची बातमी होत नाही. ते मार खाणाऱ्या सासुरवाशिणीचे गाऱ्हाणे होय.

१९५६ साली राज्यांची हद्द आखली गेली, पण सोयरिकीची हद्द कोणी आखली नाही. कागलकडच्या मुली आजही कोगनोळी-निपाणीकडे नांदावयास जातात, तिकडच्या इकडे येतात. समजा, अशा एखादीला नवऱ्याने मारून घराबाहेर काढले. ती सरळ माहेरची वाट धरील. माहेरच्या ठाण्यात तिला 'गुन्हा तिकडचा, तिकडेच जा' असे ऐकावे लागले, तर तिने जावे कोठे? ज्या दारातून बाहेर पडली, त्याच दाराकडे?

कायदा तसे म्हणत नाही, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. त्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे स्त्री जेथे तात्पुरती राहत असेल तेथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही तिला दाद मागता येते, आणि त्याचा हुकूम साऱ्या देशात चालतो. छळाची फिर्याद माहेरच्या गावीही चालू शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेनुसार तर गुन्हा कोणत्याही हद्दीतला असो, त्याची खबर ठाण्याने नोंदवून घ्यावयाची आहे. म्हणजे कायदा नाका ओलांडतो. अडते ती व्यवस्था.

कारण व्यवस्था जिल्हा धरून आखलेली आहे. २०१५ पासून सुरू झालेल्या 'सखी' केंद्रांत औषधोपचार, कायद्याचा सल्ला आणि काही दिवसांचा निवारा एका छपराखाली मिळावा, अशी योजना आहे. कोगनोळीच्या बाईचा जिल्हा बेळगाव. ते कोल्हापूरच्या दुपटीहून लांब. संरक्षण अधिकारी ज्या त्या राज्याने नेमलेला. माहेरी अर्ज केला तर सासरच्या घराची चौकशी दुसऱ्या राज्याच्या माणसाने करावयाची. त्यात तिकडच्या कचेरीचा कारभार कन्नडात, आणि बाईचे सांगणे मराठीत. घटनेच्या ३५० व्या कलमाने राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. पण तो हक्क तिला सांगणार कोण?

दुःख किती, हे तरी ठाऊक आहे काय? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगणाऱ्या विवाहित स्त्रिया कर्नाटकात ४४.४ टक्के, महाराष्ट्रात २५.२ टक्के आढळल्या. हे आकडे राज्याचे; जिल्ह्याचे, तालुक्याचे चित्र त्यांत उमटत नाही. शिवाय देशभरात मदत मागणाऱ्या पीडित स्त्रिया १४ टक्क्यांच्या आसपासच. ठाण्यांची दप्तरे पाहावीत, तर एकाच संसाराची निम्मी कथा अलीकडे आणि निम्मी पलीकडे.

कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१९ साली स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास बंदी करणारा कायदा केला. तो संस्थानच्या हद्दीपुरता होता. त्याहून पुढे जाण्याची सत्ता त्यांच्या हाती नव्हती. आजच्या कायद्याला ती अडचण नाही. म्हणून मागणी लहानच आहे. कोल्हापूर आणि बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एकत्र बसून सीमेवरच्या गावांचा एक तक्ता करावा. प्रत्येक गावाहून जवळचे ठाणे, दवाखाना, संरक्षण अधिकारी आणि निवारा कोणता, हे हद्द न पाहता, बाईच्या उंबऱ्यापासून मोजून त्यात लिहावे. तो दोन्ही भाषांत ग्रामपंचायतीत आणि अंगणवाडीत लावावा.

याने सीमेच्या दाव्याला कोणत्याच बाजूने बाध येत नाही. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल लागावयाचा तेव्हा लागेल. तोवर कोगनोळीच्या बाईने मार खात थांबावे, असे मात्र दोहोंपैकी कोणतेही सरकार म्हणणार नाही.